मान खाली, हात मांडीवर

मुलगी बघायला पाहुणे आले की तिने मान खाली घालावी आणि हात मांडीवर ठेवावेत, ही रीत पाडणाऱ्याने बहिऱ्या मुलीचा विचार केलेला नव्हता. मनस्वीने मान खाली घातली की तिचे कान बंद, आणि हात मांडीवर ठेवले की तोंड बंद. तिच्या आईला, विमलाला, हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण रीत ती रीत, आणि पाहुणे थेट खेडहून आलेले.

मनस्वी जन्मापासून बहिरी. रत्नागिरीत बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकली, तिथेच तिला तिची भाषा सापडली, आणि पुढे मिरजोळ्याच्या एमआयडीसीत आंब्याचा रस डब्यांत भरणाऱ्या कारखान्यात लागली. यंत्रांच्या खडखडाटात बाकीच्या बायका घसा फोडून एकमेकींना हाका मारायच्या. मनस्वी आणि तिच्या बहिऱ्या मैत्रिणी मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत आरामात गप्पा हाणायच्या, सुपरवायझरची टिंगल तर त्याच्या तोंडासमोर. घरी आली की ती मुकी व्हायची. धाकट्या भावाला, दीपकला, तिची भाषा येत होती, पण घरात हशा पिकला आणि तिने कशाला हसताय विचारलं तर तो ‘काही नाही, नंतर सांगतो’ म्हणायचा. ते नंतर कधी उजाडलं नाही. आणि बाप महिपत एवढ्या वर्षांत तीन खुणा शिकला होता: ये, जेव, नको. माणूस प्रेमळ होता. तिन्ही खुणा हुकमाच्याच आहेत, हे त्याच्या डोक्यात कधी आलं नाही, इतकंच.

मुलगा विनीत, खेडला हार्डवेअरचं दुकान, बिजवर. पहिली बायको सोडून गेलेली. त्याच्या आईच्या, सत्यवतीच्या मते ती फार बोलायची. म्हणून या खेपेला तिला न बोलणारी सून हवी होती, आणि हे तिने पोहे खाता खाता हसत सांगितलंसुद्धा. महिपतही कसनुसा हसला.

मनस्वीला खालमानेने फक्त पायांचे अंगठे दिसत होते. सगळ्यांचे पाय अचानक हलायचे थांबले तशी तिने चोरून वर पाहिलं. सत्यवती तिच्या हातांकडे बोट दाखवत होती. मग तिने स्वतःचे दोन्ही हात मांडीवर दाबून धरले आणि मान हलवली. ती म्हणत होती की नोकरी सोडावी लागेल, त्या मैत्रिणी नकोत, आणि चारचौघांत हातवारे तर अजिबात नकोत, बाजारपेठेत आमचं घर आहे. मनस्वीला शब्द कळले नाहीत, पण ते दाबलेले हात कळले.

काय म्हणाल्या, असं तिने दीपकला विचारलं. दीपकने छातीशी बोटं हलवली: तू पसंत आहेस त्यांना. खोटं सांगताना त्याचे हात नेहमी लहान व्हायचे. मनस्वीने वडिलांकडे पाहिलं. महिपत जमिनीकडे बघत मान डोलावत होता.

आणि विमला ओटीचं ताट घेऊन आली. ओटीत नारळ पडला की सोयरीक ठरली. तो घ्यायला पदर दोन्ही हातांनी पसरून धरायचा असतो. आईने पदर मनस्वीच्या हातांत दिला. पहिली ओंजळ तांदूळ पदरात पडली. सत्यवतीने नारळ उचलला. आता सुटका नाही, हे मनस्वीला लख्ख दिसलं, आणि ती भयंकर घाबरली.

तिने पदर सोडला. तांदूळ लादीवर पसरले.

ताठ मानेने, मोठ्या हातांनी ती भावाला म्हणाली, ‘मोठ्याने सांग. मला हे लग्न नको. मी गप्प बसायला जन्मले नाही.’

दीपकचा चेहरा पांढराफटक पडला. सत्यवतीने काय म्हणते ती, असं विचारलं. दीपकने आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि सांगितलं, “लाजतेय ती.”

सत्यवती समजुतीचं हसली आणि तिने नारळ पुन्हा पुढे केला. विमलाने घाईघाईने लेकीचा पदर सावरला. लहानपणापासून ओळखीच्या भावाच्या ओठांवरून मनस्वीला सगळं समजलं होतं. जगात तिच्यासाठी बोलणारा एकच होता, आणि तो फितूर झाला. ती वडिलांकडे वळली. या माणसाला आपल्या भाषेतलं काय येतं, ते तिने आठवलं. त्याच्याच तीन खुणांतली एक तिने केली. मग पुन्हा केली.

महिपत उठून उभा राहिला.

“नको म्हनतेय ती,” तो सत्यवतीला म्हणाला. “येवढं मला कळतं.”

पाहुणे चहा तसाच टाकून गेले. विमला स्वयंपाकघरात रडत होती, दीपक मागच्या पडवीत तोंड लपवून बसला होता. मनस्वी खाली बसून तांदूळ गोळा करत होती. आता वडील काय करतील, ही धास्ती होतीच. महिपत समोर येऊन उकिडवा बसला. त्याने ‘जेव’ची खूण करायला हात उचलला आणि मध्येच थांबला. मग पंजा उलटा करून हलवला आणि भुवया उंचावल्या: तुला काय हवंय?

ही खूण अख्ख्या गावाला येते. मनस्वीला ती आजवर कुणी केली नव्हती.