दादाच्या तळ्याचा फोटो

सांगलीत मी पर्यावरणाचं अर्थशास्त्र शिकवते. म्हणजे नेमकं काय, हे माझ्या सासूबाईंना अजून कळलेलं नाही, आणि अलीकडे मलाही शंका येते. वर्ग मात्र भरतो, कारण मी मुळातच नाटकी आहे. सगळ्यांच्या विहिरींखाली पाणी एकच असतं आणि शेजाऱ्यानं उपसायच्या आत आपण उपसावं असं प्रत्येकाला वाटतं, हा धडा मी उसाच्या रसाचा एक ग्लास आणि सहा स्ट्रॉ घेऊन शिकवते. सहा मुलं, एक ग्लास. "सावकाश प्या," म्हणते. आजवर कोणीही सावकाश प्यायलेलं नाही. मुलं हसतात, मी वाकून मुजरा करते.

काही वर्षांपूर्वी दुष्काळी भागासाठी नेमलेल्या एका समितीत मी होते. आमची शिफारस साधी होती: शेतात तळं खणा, त्यात प्लास्टिकचा कागद अंथरा, वाहून जाणारं पावसाचं पाणी धरून ठेवा. आटपाडीजवळच्या माझ्या माहेरी दादानं सगळ्यांच्या आधी तळं खणलं आणि भावकीत सांगत सुटला, "आमची बाय पान्याची डाक्टर हाय. तिनं सांगितलंय." मग वस्तीवर दुसरं तळं झालं, तिसरं झालं. पुढं मोजायचं मी सोडून दिलं.

यंदा उन्हाळ्यात साताऱ्याला एका परिषदेत बोलायचं होतं. यशाचा एखादा फोटो हवा म्हणून माहेरी गेले. तळं काठोकाठ भरलेलं. वहिनीला काठावर उभं केलं, पदर सारखा करायला लावला, तिला हसवलं आणि फोटो काढला. मग तोंड धुवायला विहिरीकडे वळले.

"तिकडं कुटं निगालासा, वन्सं?" वहिनी म्हणाली. "हिर कवाच आटली. ह्यो हंडा घ्या. टँकरचं हाय, जपून."

याच विहिरीत मी पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकले होते. वाकून पाहिलं. तळाशी एक चप्पल पडली होती.

"तळ्यात पाणी कुठलं मग?" मी दादाला विचारलं.

"बोअरचं. दिवाळीपास्नं मोटार चालू हाय."

"अरे दादा, तळं पावसाच्या पाण्यासाठी होतं."

"पाऊस कुटं पडला? मोकळं ठिवलं तर कागद उनानं फाटतोय. आन् डाळिंबाला काय तुजा रिपोर्ट पाजू?"

"आणि तुम्ही प्यायचं काय?"

"टँकर येतोय की. तळ्यातलं झाडांचं हाय."

वस्तीवरच्या सगळ्या तळ्यांची हीच कथा. जमिनीच्या पोटातलं पाणी वर काढून आम्ही ते उन्हात वाळत घातलं होतं. माझ्या सांगण्यावरून.

साताऱ्यात मी ठरवलं, खरं काय ते सांगायचं. पडद्यावर फोटो आला. मी म्हणाले, "या माझ्या वहिनी. मागं दिसतंय ते माझं यश. ते भरायला यांची विहीर रिकामी केली. आता त्या टँकरचं पाणी पितात." सभागृह खळखळून हसलं. माझी ख्याती आड आली. बाई आता पुढं काय गंमत करतात म्हणून पहिल्या रांगेतले साहेब सरसावून बसले. "ही गंमत नाही," मी म्हणाले. त्यावर टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी एका अधिकाऱ्यानं शेततळ्यांच्या सरकारी पुस्तिकेच्या मुखपृष्ठासाठी तो फोटो मागितला. मी दिला.

परत सांगलीला निघाले तेवढ्यात दादाचा फोन आला.

"शेजारचा आपल्या बांधाला लागून बोअर मारतोय. उद्या गाडी येतीया त्याची. म्या बी पाणाड्या बोलावलाय, नारळ तळहातावर घिऊन हिंडतोय रानात. पर तू नको म्हनलीस तर न्हाई मारत. आजपतुर तुजंच आयकलंय."

खोटं नव्हतं ते. मी नको म्हटलं असतं तर दादानं खरंच मारला नसता. शेजाऱ्यानं मात्र मारला असता आणि दादाची बाग माझ्या शब्दाखातर उभी वाळली असती. त्यानं लेकरासारखी वाढवलेली बाग. डोळ्यांपुढे रसाचा ग्लास आला, सहा डोकी त्यावर वाकलेली.

"पाणाड्या म्हणेल तिथं मार," मी म्हणाले. "आणि गाडी आजच बोलव. त्याच्या आधी."

"तू म्हनतीस तर झालं मग." त्याचा सुटलेला सुस्कारा मला ऐकू आला. मग मागून वहिनीचं काहीतरी बोलणं. "ही इचारतीया, हिरीला परत पानी यील का?"

"नाही येणार," मी म्हणाले.

एवढं मला नक्की माहीत होतं. त्यावरच तर मला डॉक्टरेट मिळाली आहे.