गेटपर्यंत सोडायला

श्रीमती शमीम मुजावर यांना, म्हणजे आमच्या मुजावर मॅडमना, या वर्षी साठ वर्षं पूर्ण झाली. त्यांच्यावर लिहायचा मान सत्कार समितीनं माझ्यासारख्या भट्टीपुढं वाढलेल्या माणसाला दिला. मला लिहिण्यापेक्षा ऐकणं बरं जमतं. तेव्हा जे ऐकलं, तेच सांगतो.

पहिली ओळखही कानानंच झाली. शिरोलीत माझी लहानशी फाउंड्री. मी एका मोठ्या कंपनीला कास्टिंग पुरवायचो आणि मॅडम तिथं एच.आर. विभागाच्या प्रमुख होत्या. मी बाहेर बाकावर बसलो होतो. आत निवृत्त होणारा एक कामगार विचारत होता, "निरोपाच्या भाषणात म्या काय बोलू, मॅडम?"

"घरी जाऊन बायकोला जे सांगणार आहात, तेच बोला."

"तिला काय, उद्यापास्नं दिसभर घरातच हाय म्हनून सांगनार. रडंल की ती!"

दोघंही मोकळेपणानं हसले. साहेबाच्या केबिनमधून कामगाराचं हसू मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

त्या कंपनीत कुणी निवृत्त झालं, की हार, फोटो, साहेबांचं भाषण आणि शेवटी गेटपर्यंत सोबत, हे सारं मॅडम जातीनं बघायच्या. पुढं कंपनी दुसऱ्यांनी घेतली. विभाग पुण्याला हलला. कुरुंदवाडहून आणलेल्या आई अंथरुणाला खिळलेल्या होत्या, त्यामुळं मॅडमनी कोल्हापूर सोडलं नाही, नोकरी सोडली.

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी माझा टेम्पो गेटपाससाठी थांबला होता. मॅडम एकट्याच चालत आल्या, हातात एक कापडी पिशवी. सगळ्यांचे निरोप त्यांनी ठरवले. त्यांचा ठरवायला खात्यात कुणी उरलंच नव्हतं.

वॉचमन म्हणाला, "मॅडम, आज लवकर?"

"हो, आज जरा लवकर," म्हणत त्यांनी ओळखपत्र त्याच्या खिडकीत ठेवलं आणि माझ्याकडं वळल्या. "चौगुले, राजारामपुरीकडं जाताय का?"

टेम्पोच्या केबिनमध्ये पंचगंगेचा पूल ओलांडेपर्यंत त्या पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "उद्या सकाळी नऊला कुठं जायचं हो?" मी गिअर बदलला.

नंतर राजारामपुरीत एका कोचिंग क्लासच्या वर त्यांनी खोली घेतली आणि 'मनुष्यबळ सल्लागार' अशी पाटी लावली. पहिलं गिऱ्हाईक म्हणून एक पावणं जिना चढून आले, ते म्हणाले, "ऊस तोडायला मानसं पाठवतासा न्हवं?" मॅडमनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. हा किस्सा त्या स्वतः हसून सांगतात. पण त्या दिवसांत मी फोन केला, की पहिली रिंग पुरी व्हायच्या आत उचलायच्या. हाताला काम असलेला माणूस असा फोन उचलत नाही, हे धंद्यात पडलेल्याला सांगावं लागत नाही. मग मी रजेचे नियम विचारायला फोन करू लागलो. ते मला पाठ होते. बहुधा त्यांनाही हे कळत होतं. तरी त्या दर वेळी सावकाश, सुरुवातीपासून समजावून सांगायच्या.

आई गेल्यावर त्या खोलीत जास्तच वेळ बसू लागल्या.

हळूहळू आम्ही लहान कारखानदारांनी त्यांना कामं दिली. त्यांची अट एकच: जो माणूस जाईल, निवृत्त होऊन जावो की काढल्यामुळं, त्याला मालकानं स्वतः गेटपर्यंत सोडायचं. आमचा भट्टीवाला महादू निवृत्त झाला तेव्हा मी म्हणालो, "मॅडम, भट्टी तापलीय, मी कुठं येऊ?"

"भट्टीवर दुसरा माणूस उभा करता येईल. तुमच्या जागी कुणाला पाठवू?"

गेलो. पोरं ओरडली, "मालक, म्हादूसंगं तुमी बी निघालासा व्हय?" महादू मात्र हळूच म्हणाला, "मालक, इतकी वर्सं हितं हाय, पर तुमच्या बरोबरीनं पयल्यांदाच चाललो." पुढं एकाला चोरीबद्दल काढावं लागलं. त्यालाही मॅडमनी मलाच सोडायला लावलं. गेटवर तो म्हणाला, "येतो." आज रस्त्यात भेटला, तर मान खाली घालत नाही.

सल्लागार सगळ्यांचा असतो, म्हणजे कुणाचाच नसतो. खंडेनवमीला प्रत्येक कारखान्यात यंत्रांची पूजा होते, आपली माणसं जेवतात. एका वर्षी आम्हा सर्वांना वाटलं, मॅडम दुसऱ्या कुणाकडं तरी गेल्या असतील. संध्याकाळी मी पेढे घेऊन गेलो, तर त्या खोलीत डबा खात होत्या. "या की, चौगुले, भाकरी खाणार?" एवढंच म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता. असता, तर मला बरं वाटलं असतं.

या सत्काराची परवानगी मागायला गेलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "करा. भाची पुण्याला बोलावतेय, खोली सोडावी म्हणते. निरोपाला निमित्त बरं." खाली क्लास सुटला होता, मुलांचा गलका चालला होता.

तर मॅडम, सर्वांसमक्ष सांगतो. तुम्हाला फेटा बांधू, शाल देऊ, भाषणं लांबवू. तुमच्याच पद्धतीनं सगळं करू, एक सोडून. कार्यक्रम संपल्यावर आमच्यातला कुणीही तुम्हाला गेटपर्यंत सोडायला येणार नाही. जो जातो, त्यालाच गेटपर्यंत सोडायचं असतं, हे तुम्हीच शिकवलंत. तुम्ही आमच्यासोबत आत, पंगतीला बसायचं.

तुमचे गुडघे तो जिना चढण्याइतके बळकट राहोत, शंभरीपर्यंत तुमचा हा आवाज आमच्या कानी पडो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला माझ्या फाउंड्रीत या. रजेचा एक नियम विचारायचाय.