गारांत पाहिलेलं घर

घर पाहायला गेलं की चहा घ्यायचा, जेवायचं नाही. हा आमच्या काकांचा नियम, आणि तो आमच्या सगळ्या भावकीला ठाऊक. मुलाकडच्यांच्या घरी जेवलं की सोयरीक पसंत, मग मागे फिरणं नाही. माझ्या वेळी काका एकटेच घर पाहायला गेले आणि दोन पुरणपोळ्या खाऊन आले. माझा होकार मला कुणी विचारलाच नाही. नवरा चांगला निघाला, हे माझं नशीब. पण लग्नापायी शाळेतली नोकरी सुटली ती चार वर्षांनी परत मिळाली, आणि त्या चार वर्षांसाठी मी काकांना अजून पुरतं माफ केलेलं नाही.

म्हणून धाकट्या बहिणीसाठी घर पाहायची वेळ आली तेव्हा मी हट्टाने बरोबर निघाले. वडील गेल्यापासून घरातला कर्ता माणूस म्हणजे काका. "चूल बघायला एक बाई लागतीच," असं म्हणून त्यांनी मला नेलं. मी मात्र बहिणीचं काम घेऊन निघाले होते. ती परभणीला नर्स आहे, महिन्यातला एक आठवडा तरी रात्रपाळी असते. आधीचं एक स्थळ त्यावरूनच मोडलं होतं. "ताई, घर कसलं बी असू दे," ती म्हणाली, "रात्रपाळी चालेल का, तेवढं तोंडावर विचार. आणि त्याच्या आधी काकांना जेवू देऊ नको."

एसटीत काकांनी मला बजावलं, "तिथं गेल्यावर तू काय बी इचारू नको. पयल्याच दिवशी अटी घातल्या की लोक म्हणतेत, पोरगी लय शहानी हाय." मी खिडकीबाहेर बघत राहिले. ज्वारीच्या कापण्या चालल्या होत्या आणि गहू पिवळा पडत आला होता.

जिंतूरकडचं ते गाव फार जुनं. नाव लिहीत नाही, तिथे आता ओळखीची माणसं आहेत. कुणाच्या गोठ्याला कोरीव खांबाचा टेकू, कुणाच्या दारात नक्षीच्या दगडावर धुणं चाललेलं. गावकऱ्यांना त्याचं काही वाटत नाही, पण पाहुणा आला की त्याला गावाबाहेरचं देऊळ आणि त्यापुढची पायऱ्यांची विहीर, म्हणजे बारव, दाखवल्याशिवाय सोडत नाहीत. घर साधं होतं. मुलगा परभणीत एका कचेरीत कारकून, दोन खोल्या भाड्याने घेऊन राहणारा, आमच्यासाठी सुट्टी काढून आलेला. एरवी घरात त्याची आई एकटी. तिने चहा केला. काकांनी बिनसाखरेचा मागितला, तशी ती एकदा त्यांच्याकडे पाहून आत गेली. जेवायचं म्हणाली तेव्हा काकांनी ठरल्याप्रमाणे हात जोडले, "घाई हाय, पुन्हा कवा तरी." मी मनातल्या मनात काकांची पाठ थोपटली. रात्रपाळीचा प्रश्न मात्र अजून विचारायचाच होता. विचारू म्हटलं की काका खाकरत.

मुलगा आम्हाला देवळाकडे घेऊन गेला तेव्हा दुपार कलली होती. तो बारवेच्या पायऱ्या मोजून दाखवत होता आणि काका जांभया देत होते. तेवढ्यात जिंतूरच्या बाजूने आभाळ काळंनिळं होऊन आलं. फाल्गुनात काय पाऊस येणार, असं काका म्हणाले आणि तेवढ्यात पहिली गार त्यांच्या टोपीवर बसली. आम्ही धावत मंडपात शिरलो.

अशा गारा मी आयुष्यात पाहिल्या नव्हत्या. लिंबाएवढ्या. दगडी छतावर तडतड चालली होती, आत उड्या मारत येत होत्या. बारवेच्या पायऱ्या एकेक करून पांढऱ्या झाल्या, मग वाट पांढरी झाली, मग शेतं. बाहेरच्या कडुलिंबाचा सगळा पाला झडून खाली पडला आणि त्याचा कडू वास मंडपात भरला. गारा थांबायच्या, पाऊस यायचा, पुन्हा गारा. मी हरखून बघत होते, हे कबूल करते. आपल्या परभणी जिल्ह्यात असलं पांढरं कुठे बघायला मिळतं?

मग माझं लक्ष काकांकडे गेलं. ते खांबाला टेकून बसले होते आणि एवढ्या गारव्यात त्यांना दरदरून घाम सुटला होता. हात थरथरत होते. सकाळी शुगरची गोळी घेतलेली, आणि पोटात चहाशिवाय काही नाही. माझ्या पिशवीत चार शेंगदाणेसुद्धा नव्हते. मुलगा डोक्यावर रुमाल धरून निघाला, "मी गूळ घेऊन येतो." चार पावलं गेला आणि कपाळावर टेंगूळ घेऊन परत आला. पुन्हा निघाला, तेवढ्यात वाटेवर टणटण आवाज ऐकू आला.

डोक्यावर लोखंडी घमेलं धरून त्याची आई येत होती. गारा घमेल्यावर आपटत होत्या, पाय घोट्यापर्यंत पांढऱ्यात बुडत होते. आत येऊन तिने घमेलं उतरवलं, काकांसमोर पदर डोक्यावर घेतला आणि काखेतलं गाठोडं सोडलं. भाकरी, पिठलं, गूळ.

"बिनसाखरेचा च्या मागितला तवाच वळखलं, ह्यांना गोळी असंल," ती म्हणाली. "आमच्या मालकाला बी व्हती. गोळी घेतलेल्या माणसाला उपाशी ठिवू न्हाई."

तिने गुळाचा खडा पुढे केला. आणि काकांनी मान हलवली! "न्हाई. आमी जेवत नसतो." दातावर दात वाजत होते, पण नियम म्हणजे नियम. सकाळपासून त्यांनी जेवू नये म्हणून मी जपत होते, आता तेच खा म्हणून मी त्यांच्यापुढे हात जोडले. बहिणीचं सांगणं आठवत होतं आणि काकांचा घामही दिसत होता. एवढी अडचण माझी कधी झाली नव्हती.

ती बाई काय ते समजली. काकांचा हात धरून तिने त्यात गूळ ठेवला. "पाव्हनं, हे जेवन न्हवं, दवा हाय. सोयरीक होवो न्हाई तर न होवो. नापसंत असंल तर खुशाल तसं सांगून जावा. आमी काय भाकरी परत मागायलोत का?"

काकांनी गूळ तोंडात टाकला. मग भाकरीचा तुकडा. हळूहळू हाताची थरथर थांबली आणि चेहऱ्यावर रंग आला. माझा जीव भांड्यात पडला. मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसले.

काकांच्या तोंडात घास होता, खाकरता येत नव्हतं. हीच वेळ, म्हणून मी विचारून टाकलं, "माझ्या बहिणीला रात्रपाळी असते. लग्नानंतरही ती नोकरी सोडणार नाही. तुम्हाला चालेल का?"

तिने गाठोडं आपल्याकडे ओढलं. मला वाटलं, झालं, मोडलं. मग ती मुलाकडे वळली. "तुज्या खोल्यांवर पत्रे हायेत ना रं? उन्हाळ्यात लय तापत्यात. रातभर जागून आलेल्या मानसाला दिवसा तिथं झोप कशी लागंल? पयलं खोली बदल."

मुलाने कपाळावरचं टेंगूळ चोळत मान हलवली. "बघतो," म्हणाला, "स्लॅबची बघतो."

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. माझ्या वेळी असं कुणीतरी बोलायला हवं होतं, हेही त्यात होतं. तिने काही न विचारता पिठलं घालून एक भाकरी माझ्या हातावर ठेवली, ती संपली तशी दुसरी.

गारा थांबल्यावर आम्ही परत निघालो. गहू सपाट झाला होता. ती बांधावर थांबली, एकदा बघितलं आणि म्हणाली, "हरभरा घरात आलाय, तेवढं तरी बरं झालं." आणि घमेलं काखेत मारून पुढे चालू लागली. काका तिच्या मागून जपून पाय टाकत होते.

फाट्यावर रेंज आली तसा बहिणीला फोन लावला. तिने पहिल्याच रिंगला उचलला.

"विचारलंस?"

"विचारलं."

"काय म्हणाल्या?"

मी खोलीचं सांगितलं. पत्र्याचं, दिवसाच्या झोपेचं, स्लॅबचं. मग तिने अगदी हळू आवाजात विचारलं, "ताई, तू जेवलीस का गं?"

"जेवले," मी म्हणाले. "दोन भाकरी."