न पुसलेलं वाक्य

जूनच्या दुपारी वृंदावन योजना नावाच्या वसाहतीतल्या आमच्या घरात दशहरी आंब्यांचा गंध इतका दाटून येई, की पडद्यांच्या चुण्यांतही तो मुरला असावा असं वाटे. समीरच्या, माझ्या नवऱ्याच्या, बँकेतल्या मित्राने मलिहाबादहून पेटी पाठवली होती. आणि त्याच आठवड्यात, सहाव्या महिन्यात, मला गर्भारपणातला मधुमेह असल्याचं निष्पन्न झालं. समीर पेटी शेजारी देऊन आला. गंध मात्र मागे राहिला. बाहेर लू, उत्तरेतला तो भाजून काढणारा वारा, वाहत होती आणि जेवणानंतर चालायला सांगितलं होतं, म्हणून मी त्या गंधातूनच या खोलीतून त्या खोलीत येरझारा घालत राहिले.

साताऱ्याहून आईचा फोन रोज यायचा. भात सोडलास ना? इन्सुलिन घेतलंस का? साखर किती आली? सगळ्यांना माझ्या रक्ताची काळजी होती, आणि त्या मायेच्या गराड्यात मी स्वतःलाच कुठे सापडत नव्हते.

अशात रुग्णालयातल्या निधी नावाच्या संशोधक मुलीने, या आजारातून जाणाऱ्या बायकांना काय वाटतं याचा अभ्यास चाललाय, आपण बोलाल का, असं विचारलं. मी होकार दिला. वाळ्याचा ओला वास सोडणाऱ्या कूलरजवळ, रेकॉर्डर मध्ये ठेवून आम्ही बसलो. बराच वेळ मी पथ्य, सुया, थकवा असं शहाण्यासारखं सांगत होते. मग तिने हलकेच विचारलं, "दीदी, सबसे ज़्यादा क्या चुभता है?"

सुई, असं म्हणणार होते. तोंडून निघालं, "कभी-कभी बच्चे पर गुस्सा आता है."

मराठीत, आईसमोर, ते कधीच उच्चारता आलं नसतं. परक्या भाषेत ते किती सहज निसटलं, याचीच मला भीती वाटली. परतताना मेट्रो आलमबागवरून जात होती, खाली बाजाराचा कोलाहल उन्हात थरथरत होता, आणि पोटात बाळ पाय झाडत होतं, जणू त्यालाही ते ऐकू गेलं असावं. दुसऱ्या दिवशी मी निधीला फोन करून ते वाक्य पुसायला सांगितलं.

"बिल्कुल मिटा देंगे," ती शांतपणे म्हणाली. "अभी, या आप सोचकर बताएँगी?"

विचार करते म्हणाले. खरं तर फक्त तळमळत राहिले.

पुढच्या तपासणीला निधीने आम्हा काही जणींना एकत्र बसवलं. त्यात मलिहाबादची शबनम होती. सासऱ्यांची आमराई, अंगणात फळांचे ढीग, दिवसभर पेट्या भरून चिकट झालेले हात, आणि त्यातली एक फोडही तोंडात टाकायची सोय नाही. सांगता सांगता ती पोटावर हात ठेवून म्हणाली, "मैं तो इससे कहती हूँ, तू बाहर आ जा, फिर तुझसे समझूँगी." त्या लटक्या धमकीवर सगळ्या हसल्या. तीही हसली, आणि हसता हसताच तिने ओढणीने डोळे टिपले. कुणीही कुणाला समजावलं नाही.

निघताना मी निधीला त्या वाक्याबद्दल म्हणाले, "रहने दीजिए."

पाऊस ओसरत असताना मुलगी झाली. तिच्या इवल्या टाचेतून रक्ताचा थेंब घेतला, साखर ठीक निघाली, आई फोनवर रडली. मला वाटलं होतं, तिला हातात घेताच सगळं निवळेल. निवळलं नाही. माया आली, अनावर आली. पण तिच्या आडोशाला ती जुनी अस्वस्थता अजून उभी होतीच. आता हा आजार माझ्यात दबा धरून बसेल का, तिच्यात उतरेल का, या प्रश्नांना डॉक्टरांनी फक्त अधूनमधून तपासत राहा, एवढंच उत्तर दिलं.

काही आठवड्यांनी निधी घरी आली. रेकॉर्डर सुरू झाला. "अब कैसा लगता है, दीदी?"

एक सुंदर, समाधानी उत्तर मी मनात रचून ठेवलं होतं. मांडीवरची मुलगी झोपेत ओठ हलवत होती. ते उत्तर ओठांशी आलं आणि मला ते फार खोटं वाटलं.

"पता नहीं," मी म्हणाले.

निधीने दुसरा प्रश्न विचारला नाही, धीरही दिला नाही. ती नुसती थांबून राहिली; आणि अजून मला काही सांगायचं आहे, हे तिच्या त्या थांबण्यातून मला हळूहळू कळत गेलं.