खोक्यातले रोल आणि ट्रेमधले रोल

किराणा मालाच्या त्या मोठ्या दुकानात फ्रीजरच्या रांगेच्या तोंडाशी एक छोटं टेबल असायचं आणि टेबलामागे चवीच्या बाई. खरं नाव पगाराच्या कागदापुरतं. गिऱ्हाइकांना त्या चवीच्या बाईच. नव्या मालाचे तुकडे करायचे, प्रत्येकाला काडी टोचायची, येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात द्यायचे आणि तो चावत असेपर्यंत दोन गोड शब्द बोलायचे, हे त्यांचं काम. या कामात माणूस खोटं बोलायला फार लवकर शिकतो. बाई शिकल्या नव्हत्या. एखादं बिस्कीट बेचव असलं तर सरळ म्हणायच्या, "चहात बुडवून खपेल, तसंच खाण्यासारखं नाही हं." कंपनीची माणसं कपाळावर हात मारून घ्यायची. पण बाईंनी "घ्या" म्हटलेला माल हातोहात जायचा, म्हणून त्यांच्या वाटेला कोणी जात नव्हतं.

पाकिटाची पाठ वाचायची सवय त्यांना नवऱ्यामुळे लागली. तो इलेक्ट्रिशियन. एकदा शिडीवर असताना त्याला चक्कर आली, कसाबसा खाली उतरला, आणि डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी कायमची मागे लावून दिली. तेव्हापासून घरात येणारी प्रत्येक पुडी बाई उलटी करून बघायच्या. "आमच्या लग्नाची पत्रिकासुद्धा हिनं एवढी नीट वाचली नसेल," असं तो येईल त्याला सांगायचा.

फ्रोझन एग रोलच्या खणापुढे तर बाईंची शाळाच भरायची. कोबी, गाजर आणि अंडं पातळ पारीत गुंडाळलेले ते रोल, दहा तऱ्हेच्या खोक्यांत. कामावरून थकून आलेली माणसं तिथेच थबकायची, कारण घरी जाऊन चिरायचं-ढवळायचं त्राण कोणात उरलेलं असतं?

"समोरचं चित्र बघू नका, चित्रात सगळेच राजबिंडे," बाई सांगायच्या. "पाठ बघा. पहिलं नाव मैद्याचं आहे की कोबीचं? मीठ किती, आणि ते किती रोलांचं? एका रोलचं लिहितात, आपण खातो तीन. आणि हे बघा, 'तळलेले'. आधीच तळून गोठवलेला रोल घरी ओव्हनमध्ये भाजून काय उपयोग? तेल पोटात घेऊनच आलाय तो."

ऐकणाऱ्यांत एक घड्याळवाले काका होते. पलीकडच्या गल्लीत त्यांचं घड्याळं दुरुस्तीचं दुकान. हृदयाची शस्त्रक्रिया झालेली, आणि काकूंचे गुडघे असे की चुलीपाशी फार वेळ उभं राहवत नसे. काका अबोल माणूस, पण बाईंवर त्यांचा विश्वास होता. त्या "नको" म्हणाल्या की हातातलं खोकं मुकाट्यानं परत ठेवायचे.

दुकानाचा मॅनेजर बाईंना मावशी म्हणायचा. पहिल्यांदा आला तेव्हा त्याला खोकी कशी रचायची हेही माहीत नव्हतं. जुना माल पुढे, नवा मागे, हे बाईंनीच त्याला शिकवलं. पुढे तो चढत चढत मॅनेजर झाला, पण दुपारी बाईंच्या डब्यातली भाजी हक्कानं खायचा. त्याच्या लग्नात आईच्या शेजारची खुर्ची त्यानं बाईंना दिली होती. बाईंना मुलगी होती, मुलगा नव्हता. ती जागा त्यानं न मागता भरली होती.

मग 'हलके' नावाचे नवे रोल आले. पाठ वाचून बाई खूश झाल्या. कोबी पहिला, अंडं दुसरं, मीठ निम्मं, आणि तळलेले नव्हे, भाजलेले. आजवर त्या टेबलावरच्या छोट्या ओव्हनमध्ये रोल भाजायच्या. मनगटावर त्याचे दोनतीन डागही होते. मॅनेजरनं ओव्हन उचलून नेला.

"मावशी, हात भाजून घेता उगीच. आता मागच्या किचनमधून तयार ट्रे येईल. तुम्ही फक्त कापा आणि द्या."

बाईंना भरून आलं. घरी नवऱ्याला म्हणाल्या, "पोटच्या पोरानं तरी एवढं बघितलं असतं का?"

ट्रे यायचा तो असा खरपूस की काडी टोचली की करकर वाजायचं. बाईंनी स्वतः चाखला आणि मान डोलावली. "घ्या," त्या म्हणाल्या आणि लोकांनी घेतले. काकांनीही.

काही दिवसांनी काका टेबलापाशी घुटमळले. "बाई, आमच्याकडे असे होत नाहीत हो. पुठ्ठा चावल्यासारखं लागतं."

"ओव्हन आधी चांगला तापवता ना? आणि मधेच एकदा उलटा."

काकांनी तसं केलं. पुढच्या खेपेला म्हणाले, "थोडं तेलाचं बोट फिरवलं. जरा बरं झालं." त्याच्या पुढच्या खेपेला काही बोलले नाहीत, नेहमीपेक्षा जास्त खोकी नेली. बाईंना वाटलं, जमलं एकदाचं.

बाईंनी मात्र ते खोकं घरी कधी नेलं नव्हतं. दिवसभर ज्या वासात उभं राहायचं तोच वास संध्याकाळी घरात कशाला? एकदा ट्रेमधले चार उरले ते कागदात बांधून आणले होते, तेवढंच. पण एका रविवारी मुलगी आणि जावई अचानक आले, तेव्हा आयत्या वेळी दुकानातून मागवलेले हलके रोल कामाला आले. बाईंनी रीतसर भाजले, ताटलीत मांडले. जावई भिडेखातर खात राहिला. मुलगी म्हणाली, "आई, हे काय गं? कोरडेठाक."

नवऱ्यानं एक तुकडा चघळला. "एकदा तू दुकानातले उरलेले आणले होतेस ना कागदात बांधून? ते हे नव्हेत."

"तेच आहेत. खोकं बघ."

"खोकं नको दाखवूस. त्या कागदाला तेल सुटलं होतं. याला तेलाचा थेंब नाही. वायर आणि सुतळीतला फरक मला कळतो."

बाई रागावल्या, पण रात्रभर तो कागद काही डोक्यातून गेला नाही. सोमवारी ट्रे यायच्या आधीच त्या मागच्या किचनमध्ये गेल्या. कढईत तेल उकळत होतं. स्वयंपाकी त्यात नेहमीचे रोल सोडत होता, ते तेच, ज्यांच्याकडे बोट दाखवून बाई रोज "नको" म्हणायच्या. तळून झाले की कागदानं टिपून ते हलक्या रोलांच्या ट्रेमध्ये जात होते.

"हे कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून," स्वयंपाकी म्हणाला. "तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

मॅनेजर त्याच्या काचेच्या खोलीत होता. बाईंना बघून हसला. "या मावशी, चहा मागवू?"

"ट्रेमध्ये दुसरेच रोल असतात."

हसू गेलं नाही, फक्त थोडं आकसलं. "अहो, भाजलेले कोण चाखून घेणार? कंपनीच म्हणाली, चव दाखवायची तर जरा सजवून दाखवा. खोक्यातला माल तर चांगलाच आहे ना? लोकांचं भलंच होतंय."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही उभ्या राहिला असतात?"

"नाही."

"बघा! आणि राहिला असतात तरी तोंडावर दिसलं असतं. तुम्हाला खोटं जमत नाही, मावशी. तुमच्या चेहऱ्याकडे बघूनच तर लोक घेतात. तो तसा राहावा म्हणूनच नाही सांगितलं." एखाद्याची तारीफ करावी तसं त्यानं हे म्हटलं.

तो ओरडला असता, त्यानं नाकारलं असतं, तर बाईंना भांडता आलं असतं. पण त्यानं त्यांचा खरेपणा कोबी-गाजरासारखा मापून रोलात घातला होता, आणि त्यात काही वावगं झालं असं त्याला वाटतच नव्हतं. त्याचं मावशी म्हणणं, डब्यातली भाजी, लग्नातली ती खुर्ची, यातलं खरं कुठलं आणि सजवलेलं कुठलं, हे आता कोणाला विचारायचं?

त्या टेबलापाशी परतल्या. ट्रे आला होता. एका बाईनं हात पुढे केला तेव्हा चवीच्या बाई स्पष्ट म्हणाल्या, "हे तळलेले आहेत. खोक्यातले असे लागत नाहीत. कोरडे लागतात, पण प्रकृतीला तेच बरे. आता काय ते तुम्ही ठरवा." दुपारपर्यंत त्या प्रत्येकाला हेच सांगत राहिल्या. दुपारी मॅनेजर आला. चारचौघांत त्यानं मावशी म्हटलं नाही. "बाई, टेबल बंद करा," एवढंच म्हणाला. बाईंनी ॲप्रन काढला, त्याची घडी घातली आणि तो त्याच्या हातात दिला.

तिथून त्या थेट काकांच्या दुकानात गेल्या. काका डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळात चिमटा घालत होते. बाईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. काकांनी भिंग काढलं.

"तुम्ही माझ्यासमोर खायचात," ते म्हणाले.

"हो."

"ओव्हनला दोष दिलात."

"मला खरंच तसं वाटलं, काका."

"तुमच्यासारखे कुरकुरीत व्हावेत म्हणून मी शेवटी ते तळायला लागलो. रोज. परवा डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या." त्यांनी चिमटा खाली ठेवला. "ही मला म्हणत होती, दुकानात देतात ते वेगळंच काहीतरी असणार. मी तिच्यावर चिडलो. म्हटलं, त्या बाई खोटं बोलायच्या नाहीत."

"मी खोटं नाही बोलले."

"नाही बोललात," काका म्हणाले. "पण रोज एवढी पाठ वाचून लोकांना शहाणं करत होतात. तोंडातलं तेल तुम्हाला कळलं नाही?"

तो तुकडा बाईंना आवडला होता. आवडला म्हणून त्यांनी खोलात जाऊन विचार केला नव्हता. काकांनी पुन्हा भिंग लावलं आणि बाई घरी आल्या.

नवरा त्या दिवशी चेष्टा करायचं विसरला. "तुला फसवलं, तू नाही फसवलंस," तो म्हणाला. बाई म्हणाल्या, "काकांच्या पोटात गेलेल्या तेलाला हा फरक कसा कळणार?"

मॅनेजरचा एकदा निरोप आला, "मावशी, राग गेला का? या परत." बाईंनी उत्तर दिलं नाही. पुढे एका पाळणाघराच्या स्वयंपाकघरात त्यांना काम मिळालं. तिथली पोरं भाजी आवडली नाही तर सरळ थुंकून टाकत. बाईंना ते बरं वाटायचं.

बऱ्याच महिन्यांनी, दुसऱ्याच एका दुकानात, फ्रीजरपाशी त्यांना काकू भेटल्या. एका हातानं काठी, दुसऱ्या हातात रोलचं खोकं. बाई बाजूला सरून निघून जाणार होत्या, पण काकूंनीच हाक मारली.

"अहो बाई, इकडे या. अक्षर बारीक आहे फार. मीठ किती लिहिलंय हो?"

बाईंनी वाचलं. किती रोलांचं ते सांगितलं. तळलेले की भाजलेले तेही सांगितलं. चवीबद्दल काही बोलल्या नाहीत, काकूंनीही विचारलं नाही.

"काका कसे आहेत?"

"बरे आहेत. तेल सोडलंय." काकू खोकं पिशवीत टाकत म्हणाल्या, "तुमचं नाव मात्र घरात काढू देत नाहीत. त्यांचा विश्वास एकदा उडाला की उडाला."

"बरोबर आहे त्यांचं," बाई म्हणाल्या. काकूंना पिशवी जड होती. बाईंनी ती काउंटरपर्यंत नेऊन दिली आणि काकू पैसे देत असताना दुसऱ्या दारानं बाहेर पडल्या.