कथेची संथा

दुर्गाघाटाच्या गल्ल्यांत गाडी जात नाही, आणि हल्ली माझे गुडघेही कुरकुरत जातात. तरी दर रविवारी दुपारी मी तिथे जातो. रेल्वेची नोकरी संपली, बायको दोन वर्षांपूर्वी गेली. मुलगी लखनौला असते, माझ्याशी हिंदीत बोलते. मराठी वाचायचा तिला कंटाळा. म्हणजे मी गेलो की बायको कशी होती हे सांगणारं कोणी उरणार नाही. म्हणून तिच्यावर कथा लिहायला घेतली. या वयात आणखी कसला हट्ट करणार?

आम्ही चौघं जमतो, चौघंही कथा लिहिणारे. एक म्हातारे वैदिक, त्यांच्याच खोलीत आम्ही बसतो. शाळेत शिकवणाऱ्या एक बाई, बँकेत बदलून आलेले एक नागपूरकर आणि मी. आमच्यात कथेवर मत द्यायचं नाही. वैदिकांनी पाठशाळेतली संथेची रीत इथे आणली आहे. तिथे गुरू म्हणतो आणि शिष्य तसंच म्हणून दाखवतो. इथे लेखक कथा वाचतो, मग बाकीचे एकेक करून ती आपापल्या शब्दांत सांगतात. जे कोणाच्याच तोंडी आलं नाही, ते कथेत उतरलंच नाही असं धरायचं. तोवर लेखकाने गप्प बसायचं. हे बसणं फार जड जातं.

माझी कथा वाचून झाली. नागपूरकरांनी इस्पितळातलं बाकडं सांगितलं, बाईंनी पुरात बुडालेल्या पायऱ्या सांगितल्या. वैदिकांनी तर नवऱ्याचं गुडघेदुखीचं सगळं पुराण सांगितलं. बायको कोणाच्याच तोंडी आली नाही.

"आणि ती?" मी न राहवून विचारलं.

वैदिक ओशाळले. "प्रेमळ होत्या, सोशिक होत्या, असं काहीसं होतं ना? बाकी काही याद राहिलं नाही हो."

मला भयंकर राग आला. माझ्या भावाने फोनवर ती कथा ऐकून "छान, छान" म्हटलं होतं. मग या लोकांना काय झालं? पुढचे काही रविवार मी गेलोच नाही. लिहिण्याचा वीट आला होता, जिने चढण्याचा आला होता, एकट्यापुरता कुकर लावण्याचाही आला होता. एका संध्याकाळी घरात बसून ती कथा मीच मोठ्याने वाचली. मलाही त्यात ती दिसेना. प्रेमळ आणि सोशिक तर कोणीही असतं. मेलेल्या माणसाला हसू नये म्हणून मी तिला धुऊन पुसून देवघरात ठेवलं होतं.

मग मी गच्ची लिहिली. उन्हाळ्यात ती तिथे कुरडया वाळत घालायची आणि माकडं यायची. काठी घेऊन ती त्यांच्यामागे धावायची. त्या माकडांना तिने माझ्या घरची, म्हणजे तिच्या सासरची, नाती वाटून दिली होती. सगळ्यांत आडदांड माकड भाऊजी, पिल्लू पोटाशी धरून येणारी वन्सं. "वन्सं, लेकरादेखत चोरी करता?" असं ती खुशाल ओरडायची. आता हे वाचून भाऊ रागावला तर रागावला.

कथा घेऊन पुन्हा दुर्गाघाटावर गेलो. मला पाहून बाईंनी सतरंजीवर जागा करून दिली. मी वाचलं आणि गप्प बसलो. नागपूरकरांनी सांगताना भाऊजींच्या हातात एकाऐवजी दोन कुरडया दिल्या. बाईंना वन्संपाशी आल्यावर हसू आवरेना, पुढचं त्यांनी तसंच हसत सांगितलं.

शेवटी वैदिकांची पाळी आली. त्यांनी माकडं सांगितली, काठी सांगितली आणि पुढे म्हणाले, "मग त्या गर्रकन वळल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, 'तुम्ही नुसते बघत उभे राहा!'"

"गुरुजी, हे कथेत नव्हतं," बाई म्हणाल्या.

"नव्हतं? मला तर एकदम साफ ऐकू आलं."

नव्हतंच. वैदिकांनी तिला कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. पण लग्न झाल्यापासून ती मला हेच म्हणत आली होती, अगदी याच शब्दांत. मी चष्मा काढला आणि त्या तिघांसमोर रडलो.