अक्काची डाय

आमची अक्का विहिरीच्या पायऱ्या कधी उतरली नाही. काठावर उभी राहायची, काष्टा घट्ट आवळायची, आणि डोकं खाली, पाय वर अशी सरळ पाण्यात जायची. पाणी फारसं उडायचंही नाही. आपण काठावरून बघत राहायचं आणि आता काही ती वर येत नाही असं वाटायला लागलं, की पलीकडच्या कपारीजवळ तिचं काळंभोर डोकं वर यायचं.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. भोगावती नदीच्या काठच्या गावची, म्हणजे चालण्याआधी पोहायला शिकलेली. मी मलकापूरची. आमच्याकडं पाणी आभाळातून धो धो पडायचं आणि डोंगरावरून पळून जायचं. त्यात शिरायचं असतं हे मला कोल्हापुरात नांदायला आल्यावर कळलं. तण काढून भांगलण झाली की रानातल्या विहिरीवर ती पोहायची आणि मी काठावर तिचं कोरडं लुगडं मांडीवर घेऊन बसायची. बसायची आणि जळायची.

जळायला कारण होतं. आमचे हे तेव्हा इंग्रजी शाळेत शिकत होते. महाराजांनी शेतकऱ्यांच्या पोरांना शिकवायचं मनावर घेतलं होतं, त्या वाऱ्यात आमच्या घरातला हा एक मुलगा पुस्तकाला लागला. संध्याकाळी ते सोप्यात मोठ्यानं वाचत बसायचे. मी नवी सून. सासू-सासऱ्यांसमोर नवऱ्याशी बोलायची माझी टाप नव्हती. अक्का मात्र त्यांची वहिनी. ती तांदूळ निवडत खुशाल समोर बसायची आणि विचारायची, "भावजी, ह्येला काय म्हंत्यात?" ते सांगायचे, ती तसंच म्हणून बघायची, दोघं हसायची. मी आत चुलीपाशी भाकरी करपवायची.

असाच एकदा तिला 'डाइव्ह' हा शब्द मिळाला. बुडी मारणं, सूर मारणं. आपल्या हातच्या विद्येला साहेबाच्या भाषेतही नाव आहे म्हटल्यावर तिला कोण आनंद झाला. तिच्या तोंडी त्याचं 'डाय' झालं. ह्यांनी सांगून पाहिलं, की वहिनी, शेवटचा व्ह खाऊ नका, 'डाय' म्हणजे मरणं. ती म्हणाली, "असू दे की. दोन्हीला दम कोंडावाच लागतोय."

त्या शब्दाचे अर्थ संपेनात. घार कोंबडीच्या पिलावर झडप घालते तीही डाइव्ह. पैलवान वाकून समोरच्याच्या पायात शिरतो तीही. डब्यात खोलवर हात खुपसणं तेही. शाळेतल्या मास्तरांकडून ह्यांना कळलं, की हलक्या दारूच्या गुत्त्यालाही इंग्रजीत डाइव्हच म्हणतात. ते ऐकून अक्का हसून हसून सुपावर पडली. "म्हंजे आमचा बा रोज डायमधी डाय मारतोय म्हणा की." मग घरभर तोच शब्द. मीठ संपलं तर "धाकटे, बरणीत डाय मारून बघ." मी दुपारी माळ्यावर जाऊन डोळा लावला तर "धाकटीनं कुठं डाय मारली?" ह्यांनी एक दिवस अजून एक अर्थ सांगितला: गोळी आली की शिपाई आडोशाला अंग टाकतो, तोही डाइव्ह. तेव्हा मात्र अक्का खाली मान घालून तांदूळ निवडायला लागली. माझे थोरले दीर पलटणीत होते, लढाईवर, समुद्रापलीकडं.

मी तिच्याशी बोलणं टाकलं. तिला ते विहिरीवर बरोबर उमगलं. केस पिळता पिळता तिनं विचारलं, "धाकटे, लई दिस तोंड फुगलंय तुझं. काय झालं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही ह्यांच्यासंगं एवढं काय बोलता?"

ती हसली असती तर मी तिला जन्मात क्षमा केली नसती. ती हसली नाही. "इंग्रजी बोलते," ती म्हणाली. "तू मराठी बोल की. त्यास्नी तुझ्याबिगर कोण हाय?"

"मला काय येतंय बोलायला?"

"मला तरी कुठं येत हुतं? इचारलं म्हणून आलं. काठावर बसून कुणाला पाणी येतंय व्हय? उतर."

आणि तिनं मला पाण्यात घेतलं. एक हात हनुवटीखाली, एक पोटाखाली. मी ओरडले, नाकातोंडात पाणी गेलं, तिच्या दंडाला नखं लावली. तिनं हात काढला नाही. त्या संध्याकाळी सासूबाई देवळात गेलेल्या पाहून मी सोप्याच्या दारात उभी राहिले आणि ह्यांना विचारलं, लाजण्याला इंग्रजीत काय म्हणतात? त्यांनी सांगितलेला शब्द मी केव्हाच विसरले. पण त्यांनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं होतं.

आमचं दोघांचं बोलणं सुरू झालं ते असं. तरी मत्सर गेला म्हणावं तर तसंही नाही. कारण मला काही समजावून झालं की हे हटकून म्हणायचे, वहिनींना हे लगेच कळलं होतं.

पुढं पेठेतला एक शिपाई रजेवर आला आणि त्यानं घरी येऊन सांगितलं. नदी ओलांडताना पलीकडून गोळीबार झाला, थोरले दीर पाण्यात गेले ते वर आलेच नाहीत. सासूबाईंनी हंबरडा फोडला. अक्कानं एवढंच विचारलं, "पाणी किती हुतं?" तो म्हणाला, पुरुषभर. "तेवढ्यात ते बुडायचे न्हाईत," ती म्हणाली. "गोळीच असंल." आणि उठून आत गेली. त्यानंतर ती विहिरीवर यायची, पण काठावर बसायची. पाण्यात मी, आणि माझं लुगडं तिच्या मांडीवर. तो शब्द तिनं क्वचितच उच्चारला. उच्चारला तेव्हा शेवटचा व्ह दाताखाली नीट धरून.

घरातल्या कोपऱ्यात तिची जागा ठरल्यासारखी झाली होती. तेवढ्यात ह्यांनी बातमी आणली, की दरबारातर्फे दवाखान्यात बायकांना सुईणपणाचं शिक्षण देतात. सासूबाई म्हणाल्या, मराठ्याची सून परक्यांची बाळंतपणं करणार? घरात महिनाभर धुसफूस चालली. शेवटी अक्का त्यांच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "आत्याबाई, मला जाऊ द्या. हितं माझा दम कोंडतोय." म्हातारी रडली आणि तिनंच ट्रंक काढून दिली. ती ट्रंक डोक्यावर घेऊन हे दवाखान्यापर्यंत गेले. माझ्या मलकापूरच्या फेरीला त्यांनी साधं बोचकंसुद्धा कधी उचललं नव्हतं.

शिक्षण पुरं झालं आणि तिची नेमणूक झाली ती नेमकी मलकापुरात. माझं माहेर! आई निरोप धाडायची, तुझी अक्का लई गुणाची, तुझ्या जागेवर बसून जेवती. माझ्या जागेवर! मी बाळंतपणाला गेले तेव्हा माझी भावंडं आधी तिच्या गळ्यात पडली, मग माझ्याकडं वळली. माझी मुलगी जगात आली ती तिच्या ओंजळीत. तिला माझ्या कुशीत ठेवताना अक्का म्हणाली, "घे. डोकं खाली करून आलीया बघ, माझ्यावानी." मी पोरीला पदराखाली ओढून घेतलं.

मग मानमोडी तापाची साथ आली. माणसं पटापट गेली. अक्का वाड्यावस्त्यांवर काढे देत फिरत होती. ती गेल्याचं आम्हाला कळलं तेव्हा अग्नीही दिला गेला होता. मी मुलीला घेऊन पोचले तर तिच्या खोलीत बायकाच बायका. डोंगरातल्या, धनगरवाड्यावरच्या, बागवानांच्या घरातल्या. कुणी तिची छत्री पुसत होती, कुणी तिच्या पाटावर डोकं टेकून बसली होती. जी ती आमची अक्का, आमची अक्का म्हणत होती. माझ्या अंगाची आग आग झाली.

एका म्हातारीनं सरकून मला जागा दिली आणि मायेनं विचारलं, "पावणं, तुमचीबी वळख हुती व्हय आमच्या अक्काची?"

"तुमची न्हवं," मी म्हणाले. सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. "माझी हुती ती. माझी."